हिंदुस्थान सुटला नि लाईट गेली

आमच्या शेजारचे दामूतात्या बाजारात गेले की भाजीचा भाव विचारत नाहीत. एक मिरची उचलतात, डोळ्यांपुढे धरतात आणि विचारतात, ‘‘माहेरची का सासरची?’’ प्रश्न मिरचीलाच असतो. उत्तर मात्र तात्याच देतात. ‘‘दोनी न्हाय. ही पाव्हनी. बोटीनं आली, फिरंग्यांबरोबर.’’ मग बटाटा पाव्हणा, टोमॅटो पाव्हणा, पेरू पाव्हणा अशी सगळ्या टोपल्यांची झडती होते. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला भाजीवाला एकदा कळवळून म्हणाला, ‘‘काका, मिर्ची लेनी है कि रिश्ता जोड़ना है?’’ तात्या म्हणाले, ‘‘रिश्ता जुड़ा हुआ है बाबा, तेरे को मालूम नहीं इतनाच.’’ पाव किलो मिरच्या आणायला गेलेला हा माणूस जेवणवेळ टळून गेल्यावर घरी येतो, आणि मिरच्या टोपलीतच राहिलेल्या असतात.

तात्या नारपोलीचे मूळचे आगरी. वडिलांची भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत. गोदामांचं भाडं येतं आणि तात्यांना करायला काही उरलेलं नाही. मुलं आपापल्या संसारात, घरात तात्या आणि हिराकाकू दोघंच. एवढा रिकामा वेळ मिळाला की माणूस पत्ते खेळतो, नाहीतर राजकारणात शिरतो. तात्या थेट पृथ्वीच्या पोटात शिरले.

यात निम्मा दोष टीव्हीचा आणि निम्मा लोडशेडिंगचा. त्या काळी भिवंडीत लाईट कधी जाईल ते सांगता येत नसे. लाईट गेली की गल्लोगल्लीचे यंत्रमाग एकदम मुके होत आणि आम्ही भिवंडीकर त्या शांततेनेच दचकत असू. अशाच एका दुपारी माग थांबले आणि पाठोपाठ तात्या अनवाणी माझ्या दारात उभे राहिले. मी शाळेत मराठी शिकवते, पण तात्यांच्या लेखी शाळेतल्या बाईला सगळंच येतं.

‘‘बाई, हिंदुस्थान सुटला!’’

‘‘सुटला? कुठून?’’

‘‘आफ्रिकेला चिकटलेला व्हता. टीवीवर दावलं. सगलं एकच खंड व्हतं, मंग फाटलं. हिंदुस्थान नि मादागास्कर जोडीनं निंगालं. मंग मादागास्कर बी मागं ऱ्हायलं. हिंदुस्थान एकलाच दर्यात शिरला... नि लाईट गेली!’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय? तेच इचाराला आलू. गेला कुटं?’’

मी म्हटलं, ‘‘तात्या, आपण त्याच्यावरच उभे आहोत.’’ तात्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. पुढचे कित्येक दिवस ते बँकेत, रिक्षात, न्हाव्याच्या खुर्चीत हाच प्रश्न विचारत फिरले. शेवटी मी आमच्या भूगोलाच्या सरांकडून पुस्तक मागून आणलं आणि सांगून टाकलं, की हिंदुस्थान कोट्यवधी वर्षं वर सरकत सरकत आशियावर जाऊन आदळला आणि त्या धक्क्याने हिमालय उभा राहिला. त्या जुन्या दक्षिणेकडच्या खंडाला शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या गोंडांच्या मुलखावरून गोंडवन असं नाव दिलंय, हेही सांगितलं.

तात्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. ‘‘म्हंजे सासरी गेली! आवो, हिंदुस्थान बाप्या न्हाय बाई, लेक हाय लेक! गोंडवन माहेर, आशिया सासर. नि उंबऱ्यावरचं माप आसं लाथारलंन, आसं लाथारलंन, की तांदूल उडून हिमालयावर! त्योच बरफ!’’

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण खरं सांगायचं तर मला पुस्तकापेक्षा तात्यांची मांडणी जास्त पटली. माझ्या वर्गातल्या पोरांनाही ती एका झटक्यात कळली, आणि भूगोलाचे सर माझ्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत.

तेव्हापासून भिवंडीतल्या चराचराचं वर्गीकरण सुरू झालं. हिंदुस्थान माहेराहून निघाला तेव्हा अंगावर जे होतं ते माहेरचं. सासरी पोचल्यावर त्या बाजूने जे आत शिरलं ते सासरचं, म्हणजे वाघ आणि हत्ती. बोटीने आणलं ते पाव्हणं. मातीत राहणारं, बेडकाच्या कुळातलं देवगांडूळ हे अस्सल माहेरचं, कारण त्याचं गणगोत आफ्रिकेत आहे आणि त्याला पोहत समुद्र ओलांडता येत नाही. शेताच्या उरल्यासुरल्या बांधावर एकदा ते दिसलं, तर तात्यांनी त्याला हात जोडले.

समोरच्या मागाच्या कारखान्याचे अस्लमभाई आझमगढचे. त्यांना तात्यांनी विचारलं, ‘‘तुम किधर के?’’

‘‘आज़मगढ़ के.’’

‘‘वो अब का. उसके पहले?’’

‘‘पहले भी आज़मगढ़ के, काका.’’

‘‘पहले उधर आज़मगढ़ नहीं, खड्डा था. हिमालय का माटी आके भर गया. तुम्हारा आज़मगढ़ भरनी का जमीन है!’’ खाडीत भरणी टाकून उठवलेली गोदामं बघत म्हातारे झालेल्या तात्यांना याहून सोपं शास्त्र नव्हतं. अस्लमभाई मात्र गावी फोन लावून जमिनीचे कागद नीट ठेवा म्हणून सांगत होते.

तात्यांच्या शास्त्राला धक्केही बसले. गावाबाहेरच्या जाड बुंध्याच्या गोरखचिंचेला ते आफ्रिकेतली मावशी समजून कवटाळून आले होते. ती बहुधा अरबी व्यापाऱ्यांनी आणली, असं मी वाचून दाखवलं तेव्हा तात्या ओटीवर डोकं धरून बसले. ‘‘बोटीनं? मावशी बोटीनं आली?’’ त्यांना सुतकच लागलं. ते फिटलं पेपरातल्या एका बातमीने. दक्षिणेकडे सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा एक जांभळा बेडूक सापडला होता आणि त्याचे नातलग पार समुद्रापल्याड, सेशेल्स बेटांवर होते. तात्यांनी गल्लीत पेढे वाटले. ‘‘मामा सापरला! मामा सापरला!’’ हिंदुस्थान आपली आई, तर तिच्या माहेरचा तो आपला मामाच की. हिराकाकूंचा वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीचा भाऊ पांडूमामा हरवला होता अशा समजुतीने दोन बायका काकूंची विचारपूस करायला आल्या आणि पेढे खाऊन गेल्या.

इथपर्यंत सगळी मजा होती. पुढे कालुंदर आला आणि घर फुटलं.

कालुंदर म्हणजे आमच्या खाडीतला चपटा, अंगावर पट्टे असलेला मासा. आगऱ्याच्या घरात तो रश्श्यात पडला की त्या दिवशी कुणी कुणाशी भांडत नाही, इतका गोड. तात्या सायबर कॅफेत जाऊन ‘मामा कुटं कुटं हायत ते काढ’ असं सांगत बसत. तिथल्या पोराने वैतागून एक दिवस त्यांच्या हातात एक चित्र ठेवलं. मादागास्करचा मासा. ‘‘तेच थोबार!’’ तात्या ओरडले. पुस्तकंही तेच सांगत होती. कालुंदराचे सगळ्यात जवळचे सोयरे मादागास्करात. म्हणजे कालुंदरही मामाच.

आणि नेमका त्याच रविवारी पांडूमामा बहिणीकडे जेवायला आला. काकूंनी पहाटे खाडीवरून ताजे, फडफडणारे कालुंदर आणवले होते. मसाला वाटून झाला, काकूंनी विळी घेतली, आणि पांडूमामा दारात चपला काढतोय तोच आतून तात्यांचा आवाज आला, ‘‘मामाला आज कापाचा न्हाय! मामाच्या मानंला हात लावशील तर बग!’’

पांडूमामाने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे.

तात्या बादली घेऊन बाहेर आले आणि मेव्हण्याच्या अंगावर पाणी हिंदकळवत तडक खाडीवर गेले. कालुंदर पाण्यात सोडून, हात जोडून परत आले तेव्हा पांडूमामा डाळभात आणि पापड खात होता. काकू दारातच उभ्या होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी, पण गल्लीने ऐकलं.

‘‘हिंदुस्थानाच्या माहेरचा मासा तुमचा मामा. मंग माज्या माहेरचा भाऊस कोन? पाव्हना? बोटीनं आलाय?’’

काकू भावाच्या मोटरसायकलवर बसून अकलोलीला गेल्या.

‘‘येल,’’ तात्या पहिल्या आठवड्यात म्हणाले. ‘‘माहेरपन करून येल.’’ दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, ‘‘येल ना?’’ मग म्हणायचंच सोडलं. काकू आल्या नाहीत. गल्लीत आता खंडांची चर्चा बंद झाली, सगळे एकच विचारू लागले, काकू परत येणार की नाही? आणि तात्यांना अचानक गरम पाण्याच्या कुंडांचा अभ्यास करायची गरज भासू लागली. गरम पाण्याची कुंडं अकलोलीलाच आहेत, हा निव्वळ योगायोग. दर रविवारी जीप काढून ते अभ्यासाला जात. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, हे मी मुलांना यापुढे तात्यांच्या उदाहरणाने शिकवायचं ठरवलं.

एका रविवारी मलाही बोलावणं आलं. ‘‘चला बाई, खंड फाटलं ती जागा दावतो.’’ वाटेत स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून त्यांनी आफ्रिका आणि हिंदुस्थान वेगळे करून दाखवले. मी जीव मुठीत धरून बसले होते.

अकलोलीला कुंडाच्या पायरीवर तात्यांनी पाय गरम पाण्यात सोडले. सगळे शेजारच्या नदीकडे तोंड करून बसतात. तात्यांचं तोंड उलट दिशेला, वरच्या एका कौलारू घराकडे होतं. ते पांडूमामाचं घर. तिथे तात्या एकदाही गेले नव्हते. इथेच बसायचे आणि अंघोळीला आलेल्या लोकांना शास्त्र सांगायचे, तेही इतक्या मोठ्याने की ते घरापर्यंत पोचावं.

‘‘आख्ख्या किनाऱ्याला शिवन उसवली ती हितं! हिंदुस्थान माहेरापासून सुटला ना, त्याची ऊब आजून ऱ्हायलीय पान्यात!’’ एक म्हातारा गुडघे शेकत म्हणाला, ‘‘आसंल, आसंल.’’

तेवढ्यात हिराकाकू खाली आल्या. हातात धुण्याची बादली. ती खाली ठेवून, तात्यांपासून एक पायरी वर त्या बसल्या. मी उठून जावं की बसून राहावं हे मला कळेना. मी बसून राहिले.

‘‘आजून किती शिजवाचे पाय?’’ काकू म्हणाल्या.

‘‘आब्यास चाललाय,’’ तात्या पाण्याकडे बघत म्हणाले. ‘‘ही जी शिवन हाय ना...’’

‘‘उसवली. मना ठावं हाय. दर आयतवारी आईकतंय घरात बसून.’’ काकूंनी बादली बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, ‘‘एक इचारू?’’

‘‘इचार की.’’

‘‘ती तुमची हिंदुस्थान येवढी लांब गेली, सासरच्या दारात धरकली. लागलं आसंल ना तिला?’’

सगळ्या भिवंडीला तात्यांनी ही गोष्ट सांगितली होती. बँकेला, न्हाव्याला, अस्लमभाईंना, मला. मीही ती वर्गात हसत हसत सांगितली होती. हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं.

‘‘लागलं आसंल,’’ तात्या म्हणाले. मग फार हळू म्हणाले, ‘‘लय लागलं आसंल. मी डोंगरच बगत ऱ्हायलू. केवरा मोठा झाला, केवरा मोठा झाला. तिला लागलं का, त्ये बगितलाच न्हाय.’’

काकू एक पायरी खाली सरकल्या.

‘‘तुना बी कदी इचारलं न्हाय मी,’’ तात्या म्हणाले. ‘‘घरात करमत न्हाय, हिरा.’’

बायकोला चारचौघांत नावाने हाक मारलेली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. म्हाताऱ्याने गुडघे शेकायचं थांबवलं. माझे डोळे भरून आले, आणि कुंडाची वाफ आहे असं मी स्वतःला सांगितलं.

‘‘आता इचारलंत ना,’’ काकू म्हणाल्या. ‘‘उटा, पाय लाल झालेत.’’

भावाकडे जेवून, पिशवी भरून काकू जीपमध्ये पुढे बसल्या. मी मागे. गाडी गाव सोडून बाहेर आली आणि काकू बोलू लागल्या. लग्न होऊन नारपोलीला आल्या तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ लागायचं, घशाखाली उतरायचं नाही. कुणाला सांगायची लाज वाटायची. तहान लागली तरी त्या कमी प्यायच्या. संध्याकाळी खाडीच्या बांधावर गवताचा भारा आणायला गेल्या की माहेरचे, वज्रेश्वरीकडचे डोंगर दिसतात का ते बघायच्या. कधी दिसायचे, कधी नाही.

तात्यांनी गाडी हळू केली. मागून ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले, तात्यांचं लक्ष नव्हतं.

‘‘मंग?’’ त्यांनी विचारलं.

काकू सांगत राहिल्या.