सकाळी दहाची भरती

ज्या वर्षी माझी नात पहिलीत गेली, त्याच वर्षी मीही पहिलीत गेलो. ती शाळेत, मी घराच्या पायरीवर तिच्यासमोर. वय बासष्ट! पण वर्षभरात असा तयार झालो की धक्क्यावरच्या फळ्यावर वारा, लाटा आणि पाण्याच्या वेळा लिहायचं काम माझ्याकडेच आलं.

आधी ते काम दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तो लिहीत नसे, ओरडत असे! त्याच्या एका हाकेनं नदीचे दोन्ही काठ जागे होत. पुढे घशाच्या दुखण्यानं आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन महिना सांगितला. दादाला ते न सांगताच कळलं.

"एकदा मुखाबाहेर ने," तो म्हणाला. "मोकळा समुद्र बघू दे. बास."

नदीच्या मुखाशी वाळू साचलेली. आमची बोट उधाणाच्या पाण्यावरच बाहेर पडते, पंधरा दिवसांतून एकदा. मी म्हटलं, "दादा, तू निर्धास्त राहा!" आणि आदल्या दिवशी फळ्यावर ठसठशीत लिहिलं:

"उद्या सकाळी दहाला भरती. चार धडधाकट माणसे हवीत. धक्क्यावर यावे."

माणसं हवी होती दादाला खुर्चीसकट बोटीत ठेवायला. एक वेलांटी चुकली नव्हती! नातीनं तपासलं होतं.

सकाळी बघतो तर धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नाही! जो तो बगलेत प्रमाणपत्रं घेऊन. एक जण जागच्या जागी उड्या मारतोय. दुसऱ्यानं छाती फुगवून धरलेली, श्वास सोडायला तयार नाही!

"काका, उंची कुठे मोजणार?"

"कसली उंची? इथे पाणी मोजतात!"

"अरे, पोहायची पण परीक्षा आहे!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सहा जणांनी शर्ट काढले.

तेवढ्यात त्यांना शाल पांघरून खुर्चीत बसलेला दादा दिसला.

"साहेब आले!"

झालं! खुर्चीपुढे रांग लागली. दादाला बोलता येईना, पण हसू आलं की त्याची मान हले. मान हलली की समोरचा ओरडे, "घेतलं मला!" अशी एकोणीस माणसं भरती झाली! उरलेले भडकले. "सगळी वशिल्याची तट्टं!" धक्काबुक्की सुरू झाली. एकाची फाईल पाण्यात पडली, तिच्यामागे दोघे पडले.

मी फळ्याकडे धावलो. 'भरती'आधी 'पाण्याची' लिहायचं, एवढंच! पण घाईत 'ण्या' काही जमेना. जोडाक्षर ते, आणि तपासायला नात नाही, ती शाळेत! तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

शेवटी गर्दीला उलगडा झाला, तेव्हा बोट चिखलात कलंडून बसली होती.

"ओहोटी लागली रे," दादा कुजबुजला.

"पुढच्या उधाणाला नक्की, दादा."

"जाऊ की. फक्त फळ्यावर लिहू नकोस!"

हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. ते हसण्याचंच, असं मी धरून चाललो. उड्या मारणाऱ्यानं आणि आणखी तिघांनी खुर्ची उचलून घरी आणली. भली धडधाकट होती पोरं.

'ण्या' आता मला डोळे मिटूनही येतो. फळ्यावर रोज 'पाण्याची भरती' लिहितो. लोक हसतात. "काका, समुद्राला भरती पाण्याचीच येते!" हसोत.

त्या गोंधळानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, माझा दादा वारला. उधाणाला चार दिवस होते.