जेवत्या माणसांचा गायक

दामूकाका सरपोतदारांना उपाशी माणसांसमोर गाता येत नसे.

हे मी गमतीने लिहीत नाही. अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आधी कार्यक्रम आणि मग जेवण असा शिरस्ता होता, आणि दरवर्षी तो दामूकाकांपाशी येऊन मोडायचा. गिटार गळ्यात, डोक्यावर काउबॉयची हॅट, अशा थाटात ते स्टेजवर उभे राहत आणि माइकमधून विचारत, "पानं वाढली का?" सेक्रेटरी खालून हात जोडत. काका हलत नसत. शेवटी श्रीखंडाचं पातेलं हॉलमध्ये आलं, पहिला घास कुणाच्या तरी तोंडात गेला, की काका गिटारीच्या तारा छेडत. कोणी टाळ्या वाजवल्या तर त्यांना राग येई. "टाळी वाजवतोस म्हणजे हात रिकामा आहे. पुरी घे, पार्डनर!"

गायचे ते कंट्री म्युझिक. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं हे गिटारीवरचं रडवेलं गाणं. त्यात साधारण तीनच दुःखं असतात: ट्रक बिघडला, कुत्रा मेला किंवा बायको सोडून गेली. दामूकाकांना ट्रक चालवता येत नव्हता, कुत्र्यांना ते घाबरत आणि लग्न त्यांनी केलंच नव्हतं. तरी ते गाऊ लागले की मंडळातल्या बायका पदर डोळ्यांना लावत आणि मग इथेच वाढलेली आमची लेक शिल्पा त्यांना अर्थ सांगे. "मावशी, त्याचा डॉग डेड आहे."

"अगं बाई! कशाने?"

"दॅट्स नॉट द पॉइंट, मावशी."

ते गेले त्याला आता दोन महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला घेतो आणि एखाद्या ओळीशी थांबतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करणारा माणूस मी. दामूकाका कोणत्या कप्प्यात घालावेत, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

ते ओहायोत आले एकोणीसशे पन्नासच्या दशकात, सिरॅमिक इंजिनिअरिंग शिकायला. शिकले आणि फरशांच्या कारखान्यात नोकरीला लागले. एका शुक्रवारी हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या हॉटेलात जेवायला गेले. तिथला गायक आजारी होता. काकांनी गिटार उचलली आणि पुढची पंचवीस वर्षं दर शुक्रवार-शनिवार ती खाली ठेवली नाही. आठवड्यात दामोदर सरपोतदार, शनिवारी डॅनी सार्प. ट्रकवाल्यांना ते मेक्सिकन वाटत. मंडळाला ते वाया गेलेले वाटत. दोघांचाही गैरसमज दूर करायच्या भानगडीत काका पडले नाहीत.

साठच्या दशकात त्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. रेकॉर्डिंग त्याच हॉटेलात, ऐन जेवणाच्या वेळी झालेलं. मागे काटेचमचे स्वच्छ ऐकू येतात. एका गाण्यात तर ऐन विरहाच्या ओळीला कोणीतरी केचप मागतो. काका तो भाग पुन्हा पुन्हा ऐकवत. "ऐकलंस? भूक लागली त्याला. गाणं चांगलं झालं."

पुढे हॉटेल बंद झालं. तिथे गाडीतूनच जेवण घेऊन जायचं एक दुकान आलं. कोणी बसतच नाही म्हटल्यावर गायचं कुणासमोर? काका थांबले. सहा वर्षं त्यांनी गणपती सोडला तर गिटारीला हात लावला नाही.

मग उगवला रँडी. पंचविशीतला, दाढीवाला, गालिच्यांच्या दुकानामागे स्वतःचा छोटा स्टुडिओ असलेला. त्याला जुन्या बाजारात डॅनी सार्पची तबकडी मिळाली आणि तो वेडा झाला. दहा गाण्यांची कॅसेट काढायची असं त्याने ठरवलं. हाताशी तीनच दिवस होते. त्यानंतर त्याच्या ड्रमवाल्याला दुसऱ्या शहरात जायचं होतं.

काकांनी नवे बूट घेतले. आम्हाला फोन केला. "नलिनी, आपण परत रेकॉर्ड करतोय!" नलिनी म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "काका, तिथे जेवायला कोण असणार आहे?" काकांनी विषय बदलला.

पहिल्या दिवशी त्यांना काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावले. काका हवामानाच्या बातम्या द्याव्यात तसे गायले. रँडीने हुशारी केली. त्याने कुठल्याशा कॅफेटेरियातला बशांचा खणखणाट टेप करून आणला आणि हेडफोनमधून सोडला. काकांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले.

"ही माणसं कधीच जेवून गेलीत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रँडी स्वतः हॅम्बर्गर घेऊन समोर बसला. काका म्हणाले, "एकटा माणूस जेवताना त्याच्यासमोर गाणं म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणं. तू सुखाने खा." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या संध्याकाळी रँडीचा मला फोन आला. स्टुडिओच्या फॉर्मवर 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात माझं नाव आणि नंबर होता. आमचं काही नातं नव्हतं. मी ते त्याला सांगितलं नाही.

"उद्याचा एकच दिवस आहे," रँडी म्हणाला. "नाही जमलं तर मला सोडून द्यावं लागेल. तो माणूस परत उभा राहील असं मला वाटत नाही."

मी फोन ठेवायच्या आत नलिनीने तांदूळ काढले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौदा जण मसालेभात, अळूवड्या, मठ्ठा घेऊन गालिच्यांच्या दुकानामागे हजर झालो. मी कागदी ताटल्या घेतल्या होत्या. नलिनीने त्या गाडीतच ठेवायला लावल्या. "कागदाचा आवाज होतो का कधी?" प्रत्येकाने घरची स्टीलची ताटं आणली होती, नावं कोरलेली. रँडीने एक जुना गालिचा पसरला. आम्ही दोन ओळींत मांडी घालून बसलो आणि मधे माइक उभा केला.

नलिनीने वाढलं. वाट्या वाजल्या. कोणीतरी "मीठ इकडे" म्हणालं. काकांनी हेडफोन ड्रमवाल्याच्या हातात दिले आणि गायला सुरुवात केली.

दहा गाणी त्यांनी सलग म्हटली. मधे थांबले ते फक्त "वड्या पुढे सरकवा रे" म्हणायला, आणि तेही कॅसेटमध्ये आहे. रँडी हाताने मसालेभात खात रडत होता. तिखटाने की गाण्याने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाणी संपली तेव्हा नलिनी ताट घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"काका, बसा आता."

"छे छे. होऊ दे तुमचं. गाणारा मागनं जेवतो."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? शाळेत असताना वार लावून जेवायचो मी. मंगळवारी इनामदारांकडे. त्यांच्या पंगतीत श्लोक म्हणायचं काम माझं. पंगत उठली की मग स्वयंपाकघरात मला वाढायचे. पोटभर वाढायचे हो, चांगली माणसं होती." ते गिटारीची तार सैल करत होते. "हॉटेलातही तसंच. बंद झाल्यावर स्वयंपाकी काढून ठेवायचा माझं. सवय झाली. तुम्ही जेवा."

नलिनीने रँडीला विचारलं, "हे सगळं एकदा लावून बघावं लागेल ना?"

"हो, मॅम. पहिल्यापासून."

"मग लाव." आणि काकांकडे वळून म्हणाली, "गातोय कोणीतरी. तुम्हाला काही काम नाही. उठा."

तिने माझ्या शेजारी जागा केली. काका गालिच्यावर बसले, नव्या बुटांसकट, मग ओशाळून बूट काढायला उठले आणि पुन्हा बसले. भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरमधून डॅनी सार्प गाऊ लागला. काका पहिला घास हातात धरून थोडा वेळ तसेच बसले. मग जेवू लागले, अगदी सावकाश. नलिनीने भाताचा आग्रह केला, तो त्यांनी होऊ दिला. पुन्हा केला, तोही होऊ दिला.

बाकी सगळ्यांची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. टेपही संपली. रँडी उठायला लागला तेव्हा मी त्याला हळूच खाली बसवलं आणि कानात सांगितलं की आमच्यात शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. काका मठ्ठ्याशी भात कालवत होते. आमचे हात वाळून गेले होते. कोणी उठलं नाही.