पेंढाकाका, अस्वलसर आणि फणसाची आठळी

एका जंगलात, बाळांनो, सगळे डॉक्टर फार हुशार होते. फक्त अत्यवस्थ पेशंट समोर आला की त्यांचे हातपाय गळायचे. म्हणून सिंहमहाराजांनी पेंढा भरून एक पुतळा करून घेतला. त्याचं नाव पेंढाकाका. जीव कसा वाचवायचा, याची परीक्षा आता पेंढाकाकांवर होऊ लागली.

परीक्षक होते अस्वलसर. भलतेच कडक! आधी पेशंटचा खांदा हलवून विचारायचं, "काका, ऐकू येतंय का?" मग थांबायचं. सर "पुढे" म्हणाले, की पुढची पायरी. "पुढे" न ऐकता जो हात लावेल, तो नापास.

मालू भेकर दोनदा नापास झाली होती. बिचारीला धीरच निघत नसे. पेंढाकाका मरतायत असं तिला खरंच वाटायचं! आता आणखी एकदा नापास झाली, की गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेणार होते. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

तिचा नंबर आला, तेव्हा सर फणस खात होते. मालूनं विचारलं, "काका, ऐकू येतंय का?" आणि शहाण्यासारखी थांबली. पण "पुढे" काही येईना.

वळून बघते तर काय! गरा आठळीसकट सरांच्या घशात अडकलेला. डोळे पांढरे, आवाज बंद.

कोल्हेडॉक्टर धावले. सरांचा खांदा हलवून म्हणाले, "सर, ऐकू येतंय का?"

सरांनी जिवाच्या आकांतानं मान हलवली.

"छान," म्हणून कोल्हेडॉक्टर थांबले. बाकीचेही थांबले.

"अहो, सर मरतायत!" मालू किंचाळली.

"हे ठरवणारी तू कोण? सरांना 'पुढे' म्हणू दे की!" कोल्हेडॉक्टर म्हणाले.

मालूनं एकदा स्टेथोस्कोपवरून हात फिरवला. मग पाठ वळवली आणि मागचे दोन्ही पाय सरांच्या पाठीत असे हाणले, की आठळी सुटली ती थेट कोल्हेडॉक्टरांच्या कपाळावर.

सरांनी श्वास घेतला. मालूचा जीव भांड्यात पडला.

"मी 'पुढे' म्हणालो होतो?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग आण तो स्टेथोस्कोप इकडे."

त्या वर्षी कोल्हेडॉक्टर पहिले आले. अस्वलसर अजून परीक्षा घेतात आणि फणसही खातात. पण हल्ली फणस घेऊन ते मालूच्या अंगणात येऊन बसतात.

तात्पर्य: मुलांनो, नियम कधीही मोडू नये. मोडणारी एखादी मात्र शेजारी असावी.