बिसेनबाईंचं पाणी

बिसेनबाई ज्या घरात जातात तिथं पाणी मागतात. मोठ्यांना नाही, लेकराला. मोठ्या माणसानं आणून दिलं तर गिलास हातात धरून बसतात, पीत नाहीत.

या बाई कोर्टानं नेमलेल्या समुपदेशक. नवरा-बायको वेगळे झाले की मूल कोणाकडे राहावं, यासाठी दोन्ही घरं बघून अहवाल देतात. माझ्या ताईच्या सहा वर्षांच्या स्वराचा फैसला त्यांच्या अहवालावर अडला होता. भाऊजी कोहमाऱ्याला, ताई आमच्याकडे, नवेगावबांधला.

मी महिला हक्कांची पत्रकं लिहितो. शोषण, दडपशाही, जाहीर निषेध हे शब्द माझ्या पेनात भरलेलेच असतात. बाई येणार म्हणून मी ताईच्या त्यागावर चारपानी निवेदन लिहिलं. स्वयंपाकघरातली कळकट फळी रिकामी करून सगळी भांडी नव्या काचेच्या कपाटात लावली. कोर्टाचं माणूस येतंय, घर दिसायला नको?

बाई आल्या. निवेदन घेतलं आणि त्यानंच वारा घालत बसल्या.

"बाई, काही विचारा ना!"

"थांब ना बापू. पाहून राहिली ना मी."

हे त्यांचं पालुपद. पाहत मात्र कुठंच नव्हत्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून जांभई देत होत्या.

"पोरी, पाणी पाज मले."

स्वरा आत पळाली. जरा वेळानं तिनं माझ्या आईला हाक मारली, "आजी, गिलास कुठी हाय?"

बाईंनी वहीत काहीतरी खरडलं, पाणी प्याल्या, निघाल्या. एक प्रश्न नाही! कोहमाऱ्याला भाऊजींनी स्वतः फ्रिजमधली थंडगार बाटली आणून दिली, ती म्हणे तशीच ठेवून आल्या. हा तपास आहे की पाणपोई? मी तक्रारअर्ज लिहायला बसलो.

आई म्हणाली, "पोरीले घरातला गिलास सापडत नाही, असंच लिवलं असन तिनं. भांडी कोणं हलवली?"

माझं पेन थांबलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी, अर्जुनी मोरगावला गेलो. खिशात अर्ज होताच. पण तोंडातून भलतंच निघालं, "बाई, फळी मी रिकामी केली. पोरीचा दोष नाही."

"ते दिसलं मले. पोरीचा हात पयले त्या रिकाम्या फळीवरच गेला. पाहून राहिली होती ना मी."

"मग लिवलं काय?"

"ते कोर्टाले सांगीन. तुले कायले? तू गधा हायेस, एवढं मात्र नाही लिवलं. जा, आत पाणी पी."

आत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फळी होती. तिच्यावर एकच लहानसा स्टीलचा गिलास, लख्ख घासलेला. नाव कोरलेलं: कु. मीनल. मी वाकून हात पुढे केला.

"तो नको," बाहेरून बाई म्हणाल्या. "पोरीचा हाय माझ्या. बापाकडे वाढली ते. मोठी होऊन आली होती एकदा. तिनंही विचारलं, आई, गिलास कुठी हाय? समोरच तं होता. पण ते वर शोधून राहिली होती."

निषेध कोणाचा करायचा, ते कळेना.

वरच्या फळीवर दुसरे गिलास होते. पण मी माठ कलता केला आणि तळहातावरच पाणी घेऊन प्यालो.