गाठींची परीक्षा

नवऱ्याने मासेमारीचं सामान पसरून जेवणाचं टेबल अडवलं, तेव्हाच बायकोने विचारलं होतं, "अहो, ही दोरी दुकानात तयार मिळते ना?"

"मिळते. पण स्वतः गाठी मारण्यातली मजा मिळत नाही."

ही दोरी म्हणजे गळाच्या मुख्य दोरीच्या टोकाला जोडायचा नायलॉनचा पुढचा भाग. सुरुवातीला जाड, मग बारीक होत होत शेवटी दोऱ्यासारखा. म्हणजे गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद उतरते. त्याने वेगवेगळ्या जाडीचे तुकडे थुंकी लावून, एकेक गाठ आवळत जोडले होते. पण रिळावरची वेटोळी काही जाईनात. म्हणून त्याने दोरी ताणून एक टोक फ्रीजच्या मुठीला, दुसरं समोरच्या बाथरूमच्या मुठीला बांधलं आणि तो सामान गाडीत ठेवायला खाली गेला. बाथरूममध्ये सासरे आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सासऱ्यांनी दार आत ओढलं. इकडे फ्रीज उघडला.

"आता हे काय नवीन?" म्हणत बायकोने फ्रीज लावला. तिकडे बाथरूमचं दार धाडकन मिटलं.

"कोण आहे रे बाहेर?"

"मी आहे, बाबा!"

"मग दार कशाला ओढतेस?"

"मी फ्रीज लावतेय!"

"मी काय फ्रीजमध्ये बसलोय?"

त्यांनी पुन्हा जोर लावला. फ्रीज उघडून दुधाची बाटली आडवी झाली. बायको फ्रीजला पाठ लावून उभी राहिली, आणि तेवढ्यात उजेडात तिला ती दोरी चमकताना दिसली. तिने कात्री उचलली.

"कापू नकोस!" दारातून नवरा ओरडला. "गाठी टिकल्यात गं!"

त्याने फ्रीजकडचं टोक सोडलं. सासरे बाहेर आले. त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"एवढ्याशा दोऱ्याने मला अडवलं?"

जावई हातातलं टोक गुंडाळत म्हणाला, "हो."

"शक्यच नाही. मघाशी मी बेसावध होतो. बांध परत."

"बाबा!" बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. फ्रीज धर."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. जावयाने टोक बांधलं, दोघांनी फ्रीज दाबून धरला. आतून एक दणदणीत हिसका बसला आणि काहीतरी खटकन निखळलं.

"गाठी टिकल्या का रे?" आतून आवाज आला.

जावयाने वाकून एकेक गाठ तपासली. "सगळ्या टिकल्या!"

"वा! पक्कं काम आहे, जावईबापू. दाराची आतली मूठ मात्र माझ्या हातात आली आहे. आता बाहेर कसं यायचं?"