प्रशासक नावाचा एकमेव कर्मचारी

कार्यालयातील सर्व कर्मचाऱ्यांच्या सेवा-नोंदी नव्या डेटाबेसमध्ये यथाविधी चढल्या. आस्थापना शाखेच्या प्रमुख अक्कासाहेब यांना मिळालेली मुदतवाढही त्यांत होती. त्या मुदतवाढीसाठी त्यांनी संचालकांच्या कितीतरी भाषणांना मान डोलावली होती.

डेटाबेस बसवणारा अभियंता निघताना म्हणाला, "बाई, दोन गोष्टी बदलून घ्या. मुख्य खात्याचं नाव 'प्रशासक' आणि पासवर्डही 'प्रशासक'च आहे. कंपनीकडून तसाच येतो. शिवाय नोंदी सध्या तात्पुरत्या जागेत साठतात. यंत्र बंद केलंत, की सगळं पुसलं जाईल."

"बदलण्याचा लेखी आदेश आहे?"

"नाही, पण—"

"मग आलं तसंच राहील. आल्यागेल्याच्या सांगण्यावरून मी कधी खुर्चीसुद्धा हलवलेली नाही."

पासवर्डाची गुप्तता राखणे आवश्यक असल्याने 'गोपनीय' असा शिक्का मारून तो सूचनाफलकावर लावण्यात आला.

आठवडाभरात कार्यालयात कनिष्ठ कोणी उरले नाही. शिपायाने स्वतःची रजा स्वतःच मंजूर केली, टंकलेखिका उपसंचालक झाली, आणि एका सकाळी अक्कासाहेब सेवानिवृत्त झाल्या.

"हा चावटपणा कोणी केला?"

"प्रशासकाने," शिपाई रजेवर असल्यामुळे बसूनच म्हणाला.

"कोण हा मेला प्रशासक?"

"आम्ही सगळेच की! तुम्हीसुद्धा, अक्कासाहेब."

"बंद करा ते धूड! पुन्हा चालू केलं, की येईल ताळ्यावर." पंख्यावर आणि नवऱ्यावर त्यांनी हाच उपाय यशस्वीपणे केला होता.

यंत्र ताळ्यावर आले. अक्कासाहेबांची निवृत्ती पुसली गेली. तिच्यासोबत मुदतवाढ, नेमणूक आणि खुद्द अक्कासाहेबही. बाकीच्यांचेही तेच झाले. कंपनीकडून आलेला प्रशासक तेवढा सेवेत राहिला.

नोंद नसलेल्या व्यक्तीने अभ्यागतांच्या बाकावर बसावे, हा नियम अक्कासाहेबांचाच. त्या ताठ मानेने बाकावर बसल्या.

"नाव परत चढवायचं तर अर्ज कोणाकडे द्यायचा?"

"प्रशासकाकडे. पण अर्ज कशाला? पासवर्ड ठाऊक आहे, टाका चढवून!" शेजारी बसलेली माजी उपसंचालक म्हणाली.

"विनाअर्ज? मी अजून जिवंत आहे!"

त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, त्या उठल्या, प्रशासक म्हणून आत शिरल्या, अर्ज काळजीपूर्वक वाचला आणि फेटाळला: 'अर्जदार नोंदीत आढळत नाही.' मग बाकावर परतल्या. निर्णय त्यांना जिव्हारी लागला. त्यात चूक मात्र काढता येईना.

हसलात? हसा. हसून झालं, की घरातल्या इंटरनेटच्या डब्याखाली कंपनीनंच चिकटवलेला पासवर्ड एकदा वाचून घ्या. शेजाऱ्यांना तो केव्हाचा पाठ आहे.