दहापैकी चार

वैद्यकाका सूर्याला मार्क देत. स्टुटगार्टच्या आमच्या चढावरच्या इमारतीत, जिन्यात भेटले की निकाल सांगत, "आज दहापैकी चार. बाईनं ढगांचा पडदा सारलाच नाही!"

बाई, कारण काकांचा सूर्य अझरबैजानी होता. तिकडच्या जुन्या गझलांत प्रेयसीचा चेहरा म्हणजे सूर्य, केस म्हणजे रात्र. केस बाजूला झाले की पहाट. हे सांगून काका टकलावरून हात फिरवत. "माझ्याकडे तर कायमचीच पहाट. गेनाऊ, अगदी बरोबर!"

सकाळी सहाच्या आत आवाज करायचा नाही, असा इमारतीचा नियम. उन्हाळ्यात सूर्य त्याआधीच उगवतो. काका बाल्कनीत कुजबुजत गझल म्हणत, तरी खालच्या जर्मन आजींनी तक्रार केलीच. काका म्हणाले, "आल्झो, मग आधी सूर्याची तक्रार करा."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. इथे आलो तेव्हा पत्त्याच्या नोंदणीसाठी माझ्याबरोबर रांगेत काकाच उभे राहिले होते. बदल्यात त्यांचं एकच मागणं. "एकदा पहाटे वर ये रे. गझला मराठीत केल्यात. कुणाला तरी ऐकवायच्यात."

"रविवारी नक्की, काका," मी बूट घालता घालता म्हणायचो.

एकदा ते त्या बुटांकडे बघत राहिले. "तुझी काकू बाकूची, अझरबैजानची. रोज पहाटे वहीतून एक गझल वाचायला बसायची. मी शिफ्टला निघालेला, असाच बूट चढवत. म्हणायचो, संध्याकाळी वाच. ती म्हणायची, पहाटेची ओळ संध्याकाळी उजाडत नाही. ती गेल्यावर भाषा शिकलो मी. पळ, तुझी एस-बान गाडी चुकेल."

तरी पुढचे रविवार मी झोपून काढले.

मार्चमध्ये काकांना झटका आला. वाचा गेली. मुलीने त्यांना हांबुर्गला नेलं. जाताना तिने माझ्यासाठी काकांच्या मराठी गझलांची वही ठेवली. वर काकांच्या अक्षरात, 'सकाळी वाचणे.'

ऑफिसातून आल्यावर मी ती उघडली आणि तशीच मिटली.

आता रोज सकाळी सहा वाजता, अनवाणी, बाल्कनीत उभा राहून फोन लावतो. मुलगी तो काकांच्या कानाशी धरते. मी एक गझल वाचतो. पलीकडे श्वास ऐकू येतो.

दहापैकी किती, ते मात्र आता कळत नाही.